सांजवेस राज्याचा आवक क्रमांक

आधीच सांगून ठेवतो, सांजवेस नावाचं राज्य कुठंही नाही. हे मी तोंडी सांगितलं आहे, लेखी दिलं आहे आणि एकदा चिंचेखाली उभं राहून अख्ख्या गावासमोर ओरडूनही सांगितलं आहे. उपयोग शून्य. कारण तोवर सांजवेसला आवक क्रमांक मिळालेला होता. १४०७. आणि ज्याला आवक क्रमांक मिळाला, ते आमच्या ऑफिसात अस्तित्वात असतं. मला स्वतःला अजून मिळालेला नाही.

मी गोरोबा. तालुक्याच्या एका ऑफिसात जुने नकाशे सांभाळतो. कुठलं ऑफिस, कुठला तालुका, ते सांगत नाही. लोहाऱ्याच्या जीपा आमच्या दारावरून जातात एवढं पुरे. वय सत्तेचाळीस. अविवाहित. (या शब्दापाशी आमच्याकडची माणसं थांबतात आणि चष्मा पुसतात. तुम्ही थांबू नका, पुढं चला.)

मोबाईलवर गोष्टी वाचायचं एक ॲप आहे. तिथं मी 'तेहतीस फूट' या नावानं एक गोष्ट लिहितो. सांजवेसचा राजा तेजोधर आणि त्याच्या राज्याची हद्द मोजायला सीमेकडून आलेला मोजणीदार ईरण. दोघांचं एकमेकांवर प्रेम बसतं. सतरा भाग झाले. वाचक एकशे बारा. त्यातली एक वाचक 'बोराटी'. नावाप्रमाणं टोचते. तिच्या एका ओळीतून हे सगळं सुरू झालं:

*बोराटी: भाग ४ मध्ये राजा नदीपासून वेशीपर्यंत घोड्यावर दोन दिवसांत पोचतो. भाग ११ मध्ये तोच राजा तेवढीच वाट पायी अर्ध्या दिवसात चालतो. घोडं आजारी होतं का?*

एकवीस वर्षं नकाशे सांभाळणाऱ्या माणसाला हे विचारणं म्हणजे हलवायाला साखर ओळखता येते का असं विचारणं. मी दोन दिवस जेवलो नाही. (जेवलो, पण चव लागली नाही.) तिसऱ्या दिवशी ठरवलं, राज्याचा नकाशा काढायचा. प्रमाणात. म्हणजे पुन्हा कुणी घोड्याच्या तब्येतीची चौकशी करायला नको.



इथं एक आडवाट.

राज्यच कशाला उभं करायचं, असं कुणी विचारेल. दोन माणसांची गोष्ट आहे तर आपल्या तालुक्यातच लिही की. मी लिहून बघितली होती. दोघं पुरुष बसस्टँडवर चहा पितात, एवढ्यावर गोष्ट संपली. पुढं त्यांना जायला जागाच नव्हती. जिकडं न्यावं तिकडं कुणाची तरी मावशी राहत होती.

सांजवेसमध्ये मावशा आहेत, पण तिथं 'लग्न का केलं न्हाय?' या प्रश्नावर जकात आहे. भरायची आणि मग विचारायचं. त्यामुळं कुणी विचारत नाही. तिथली ज्वारी निळसर आहे. तिथं मिठाची मालकी नदीकडं आहे. वेशीवरच्या पहारेकऱ्याला सात प्रकारच्या वाऱ्यांची नावं पाठ असावी लागतात, नाहीतर पगार कापतात. हे सगळं मी बसून ठरवलं आहे, वहीत लिहून ठेवलं आहे. अशा तीनशे खोट्या गोष्टी नीट खऱ्या केल्या, की त्यांच्या गर्दीत एक खरी गोष्ट हळूच आत सोडता येते. वाचणारा ज्वारीचा रंग मान्य करतो, मग मीठ मान्य करतो, आणि तोवर राजानं मोजणीदाराचा हात धरलेला असतो. वाचणारा म्हणतो, बरं.

मला कुणाच्या तरी तोंडून ते 'बरं' ऐकायचं होतं. बाकी काही नाही.

आडवाट संपली.



नकाशा काढायला मी खोलीतल्या फरशीवर तीन फुटी कागद पसरला. घरमालकीण कोंडाबाई दारात येऊन उभ्या.

"काय करलालाव, भाऊ? प्लॉट घेतला का?"

"नाही, मावशी. असंच."

"असंच कुणी राजवाडा बांधतं का?" त्यांनी बोट ठेवलं. "आन् तोंड दक्षिणेला केलंय. फिरवा. आमच्या जावयानं असंच केलं, दोन म्हशी गेल्या."

राजाकडं म्हशी नाहीत, हे मी सांगितलं नाही. वाडा पूर्वेला फिरवला. मग त्यांनी विहीर ईशान्येला सरकवली, देवळी वाढवली, आणि "पाव्हण्यांना बसायला कुठं?" म्हणून राजवाड्याला ओसरी काढायला लावली. संध्याकाळपर्यंत सांजवेसची राजधानी त्यांच्या जावयाच्या घरासारखी दिसायला लागली.

खरी अडचण नदीची. नदीचं वळण मनानं काढायला गेलो की ते इंग्रजी एस अक्षर होई. निसर्ग इतका आळशी नसतो. शेवटी मी ऑफिसातल्या कपाटातून सावरवाडीचा जुना नकाशा काढला आणि त्यातलं वळण उचललं. वळण आलं तशी चिंच आली. चिंच आली तसा ओढा आला. एका बैठकीत अख्खी सावरवाडी सांजवेसमध्ये राहायला आली, आणि हात सवयीचा असल्यामुळं मी गट नंबरही टाकले. भर म्हणून फक्त दोन गोष्टी माझ्या: राजवाडा, आणि नदीपासून वेशीपर्यंत एक वाट. वर 'सांजवेस' असं नाव घातलं, कोपऱ्यात सूची केली:

*तुटक रेषा: रस्ता (राजा व मोजणीदार यांच्या वापराचा)*
*लहान गोल: विहीर*
*मोठा गोल: विहीर, पण इथं दोघं पहिल्यांदा बोलले*
*प्रमाण: एक इंच बरोबर सोळा साखळ्या*

प्रमाणाच्या पट्टीच्या दोन टोकांना दोन माणसं काढली. मागच्याच्या डोक्यावर काही नाही. पुढच्याच्या डोक्याला टॉवेल गुंडाळलेला.

साखळीचं सांगायलाच हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. पूर्वी जमीन साखळीनं मोजत. तेहतीस फूट लोखंडी साखळी, दोन टोकांना दोन पितळी कड्या, सोळा आण्यांची एक साखळी. मोजायला दोन माणसं लागतात. पुढचा कडी धरून चालतो, मागचा आपली कडी धरून त्याला हातानं खुणा करतो, डावीकडं, उजवीकडं, सरळ. ऑफिसात माणसं कमी, म्हणून सीमेकडचे भूमापक वीरप्पा पुढचं टोक धरत आणि मागचं मी. अशी आम्ही अकरा वर्षं तालुका मोजला. अकरा वर्षं मी त्या टॉवेलकडं बघत डावीकडं-उजवीकडं करत होतो. जवळ या, ही खूण त्या कामात नाही.

फक्त काम संपल्यावर साखळीची घडी घालायची, तेव्हा दोन्ही कड्या एकत्र आणाव्या लागतात. पुढचा माणूस चालत मागच्यापाशी येतो. कडी कडीवर ठेवतो. मग दोघांनी मिळून मधल्यापासून दुव्यादुव्यांनी ती गोळा करायची. मोजणी सहा तास, घडी दोन मिनिटं. मी नोकरी केली ती त्या दोन मिनिटांसाठी. सांजवेसमध्ये लग्न लावायची पद्धत हीच आहे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

मग रोव्हर आला. काठीवर बसवलेलं यंत्र, आकाशातल्या उपग्रहांशी बोलतं, त्याला एकच माणूस लागतो. साखळी निर्लेखित, म्हणजे दप्तरातून बाद झाली. वीरप्पांची तुळजापूरला बदली झाली. त्यालाही आता सात वर्षं होतील.



*भाग १८, प्रयत्न पहिला:* ईरण थांबला. *(खोटं वाटतं.)*

*प्रयत्न दुसरा:* ईरण गेला. *(खरं वाटतं. म्हणून खोडलं.)*

*प्रयत्न सातवा:* राजा नदीकडं बघत राहिला. *(राजा एवढंच करतो. सतरा भागांत एकतीस वेळा नदीकडं बघितलं आहे. बोराटीनं मोजलंय.)*

नऊ महिने झाले. अठरावा भाग इथंच अडलेला.



नकाशाची झेरॉक्स काढायला मी सुरजच्या दुकानात गेलो. सुरज माणूस हुशार, गिऱ्हाईक तोंडानं नव्हे, कागदानं ओळखतो. त्या दिवशी सावरवाडीचे बब्रुवान आपली फाईल घेऊन तिथंच होते. त्यांच्या शेतात जायची वाट चुलतभाऊ धनाजीनं अडवलेली. वीस वर्षं अर्ज चालू. सुरजनं माझी एक प्रत मला दिली आणि दुसरी, तीत सावरवाडीचे गट नंबर बघून, इमानदारीनं बब्रुवानांच्या पिशवीत घातली.

चौथ्या दिवशी अर्ज आला. जसा आला तसा देतो:

*विषय: शेतरस्ता मिळणेबाबत. सोबतच्या जुन्या नकाशात माझ्या गटात जाणारा रस्ता स्पष्ट दिसत असून तो राजा व मोजणीदार यांच्या वापराचा आहे असे त्यावर नमूद आहे. राजे गेले. मोजणीदार शासनाचे आहेत, त्यांना माझ्या शेतात रोज काम नसते. तरी सदर रस्ता आता मला देण्यात यावा ही विनंती. अर्जदार, बब्रुवान.*

शिक्का. आवक क्रमांक १४०७.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. नकाशा टेबलावर. 

"गोरोबा, कुठल्या काळातला असावा?"

"साहेब, हा खोटा आहे."

"कशावरून?"

"आपल्या रेकॉर्डला नाही."

"रेकॉर्डला नसतं आणि सापडतं, त्याला दुर्मिळ म्हणतात." साहेबांनी भिंग लावलं. "निजामाच्या काळातला. बघा, प्रमाण साखळ्यांत आहे. आणि काय हात आहे! आज असं काढणारा माणूस राहिलाय का?"

आयुष्यात पहिल्यांदा ऑफिसात माझी स्तुती होत होती आणि मला ती घेता येत नव्हती.

मीच काढलाय, हे एक वाक्य बोललो असतो तर सगळं तिथं मिटलं असतं. पण त्यानंतर 'का?' आलं असतं. 'का'नंतर गोष्ट. मग साहेबांनी ॲप उघडलं असतं, मग शिपायानं, मग कोंडाबाईंच्या जावयानं. मी केबिनच्या दारापर्यंत तीन वेळा गेलो. तिन्ही वेळा पाणी पिऊन परत आलो.

माझी भिस्त धनाजीवर होती. वीस वर्षं ज्यानं वाट अडवली तो हा नकाशा फाडून टाकील. धनाजी आला. त्यानं नकाशा बघितला. त्याच्या गटात, बरोबर मधोमध, ओसरीसकट राजवाडा.

"ह्यो वाडा माझ्या रानात?"

"असं काही नाही. चुकीचं आहे."

"मंग नांगराला दगुड का लागतुया तिथं?" धनाजीचा आवाज बदलला. "लिहून घ्या साहेब. नकाशा बरुबर हाय. वाटबी मान्य, वाडाबी मान्य."

त्यानं सही केली. वीस वर्षांत दोन चुलतभावांचं पहिल्यांदा एकमत झालं होतं. नकाशाला विरोध करणारा अख्ख्या तालुक्यात एकच माणूस उरला, ज्यानं तो काढला तो. मी 'सदर नकाशा काल्पनिक असण्याची दाट शक्यता आहे' असा लेखी अभिप्राय दिला. त्यावर शेरा आला: शक्यतेवर काम चालत नाही, जागेवर मोजणी करावी.

आमच्याकडची भूमापकाची जागा रिकामी. अतिरिक्त कार्यभार तुळजापूरच्या भूमापकाकडं. आदेशावर नाव होतं. मी ते वाचलं, आदेश फाईलला लावला, परत काढला, परत वाचला.



सावरवाडीच्या चिंचेखाली सकाळीच गाव जमलं. साहेबही भिंग घेऊन आले. पांढरी जीप थांबली. वीरप्पा उतरले. मिशीत पांढरं आलेलं. डोक्याला टॉवेल तसाच.

"बरं हाय का, गोरोबा?"

"बरं हाय."

सात वर्षांत मी बोलायला बरंच काही जमवून ठेवलं होतं. त्यातलं एवढंच बाहेर आलं.

वीरप्पांच्या लग्नाबद्दल पूर्वी ऑफिसात कुणी विचारलं, तर ते म्हणायचे, "मोजणी चालू आहे." सगळे हसायचे. मी पण हसायचो, सगळ्यांपेक्षा थोडा उशिरा.

रोव्हर लावला. यंत्रानं आकाशाकडं तोंड केलं आणि गप्प झालं. इकडं सरकवून बघितलं, तिकडं सरकवून बघितलं, गावानं सल्ले दिले, कुणीतरी त्याच्यापुढं नारळ ठेवला. तास गेला.

"आज वरचं कुणी बोलंना झालंय की," वीरप्पा म्हणाले. मग माझ्याकडं न बघता, "जुनी साखळी काय झाली हो?"

"निर्लेखित झाली."

"ते कागदावर."

मी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. उघडली. साखळी तेल लावलेली होती. सात वर्षं कॉटखाली असणाऱ्या लोखंडाला तेल का लावलेलं असतं, हे गावानं विचारलं नाही. वीरप्पांनी कड्यांवरून अंगठा फिरवला. त्यांनीही विचारलं नाही.

पुढचं टोक त्यांनी घेतलं. मागचं मी.

नदीपासून चिंचेकडं चाललो. डावीकडं, उजवीकडं, सरळ. मागं गाव, त्याच्या पुढं बब्रुवान, बब्रुवानांसोबत त्यांची नात सृष्टी, धाराशिवला भूगोल घेऊन एम.एस्सी. करते. तिच्या हातात नकाशा. ती एकदा त्याच्याकडं बघायची, एकदा माझ्याकडं. बावीस साखळ्या नऊ आणे भरले. म्हणजे जी वाट मी फरशीवर कोंडाबाईंच्या देखत काढली होती, ती रानात बावीस साखळ्या नऊ आणे निघाली. तूर होती, बाभळी होत्या, वाट नव्हती.

वीरप्पा चिंचेपाशी थांबले. नकाशा मागून घेतला. प्रमाणाच्या पट्टीवर त्यांचं बोट थांबलं, दोन माणसांपाशी.

"हा नकाशा कुणी काढला?"

 साहेब 'निजाम' म्हणायला तोंड उघडत होते.

"मी," मी म्हणालो. मागच्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा, ओरडूनच म्हणालो. "मी काढलाय! सांजवेस नावाचं राज्य कुठंबी न्हाय! ती एक गोष्ट आहे, मी लिहिलेली!"

साहेबांनी भिंग खिशात घातलं. धनाजीनं चिंचेचा आधार घेतला. "आन् वाडा?"

"वाडा नाही."

"दगुड?"

"ते दगडच."

बब्रुवान पुढं आले. वीस वर्षांचे अर्ज त्यांच्या चेहऱ्यावर होते. "कसली गोष्ट म्हणायची?"

इथून पळून जायला एकच वाट होती आणि ती मी काल्पनिक म्हणून नुकतीच जाहीर केली होती. "राजाची," मी म्हणालो. "राजा आणि मोजणीदार. दोघांचा जीव असतो एकमेकांवर. नवरा-बायकोचा असतो तसा."

 बब्रुवानांनी विचार केला. सावकाश, बांध घालावा तसा.

"रस्ता हाय त्यांच्यात?"

"आहे."

"मंग माझ्यातच का न्हाय?" ते गर्रकन धनाजीकडं वळले. "गोष्टीतल्या माणसाला वाट गावती, आन् सख्ख्या चुलत्याच्या पोराला गावंना व्हय?"

धनाजीनं वाडा गेलेल्या माणसाच्या डोळ्यांनी सगळ्यांकडं बघितलं. "सही केलीया म्या," तो शेवटी म्हणाला. "धनाजीची सही हाय. घे वाट."

गाव वाटेवरच्या बाभळीकडं वळलं. मी ज्याला सत्तेचाळीस वर्षं भ्यालो होतो ते होऊन गेलं होतं, आणि लोक कोयती शोधत होते.

सृष्टी माझ्याजवळ आली. हळू आवाजात म्हणाली, "सर, घोडं आजारी होतं का?"

मी बोराटीला पहिल्यांदा बघितलं. मग म्हणालो, "नाही. चौथ्या भागात राजा मुद्दाम लांबून गेला. बरोबर ईरण होता."

"मग तसं लिहायचं ना," ती म्हणाली, आणि आजोबांकडं निघून गेली.



साखळी तुरीत पडलेली होती. तेहतीस फूट. त्या टोकाला वीरप्पा, या टोकाला मी.

त्यांनी कडी उचलली आणि चालत आले. कडी कडीवर ठेवली.

"तुमच्या गोष्टीतला तो मोजणीदार. कुठला हो?"

"सीमेकडचा."

"शेवटी काय होतं त्याचं?"

"नऊ महिने अडलंय. त्याची बदली होते. राजा नदीकडं बघतो."

"बदली थांबवायची की राजानं. नाहीतर राजा कशाला झाला?"

"थांबायचं आहे का, हे राजानं विचारलंच नाही त्याला."

वीरप्पांनी दोन दुवे घडीत घातले. मी दोन घातले. "तुळजापूर लांब नाही," ते म्हणाले. "जीपनं तास लागतो."

"सव्वा तास," मी म्हणालो. "चार वेळा आलो होतो. स्टँडवर उतरायचो, लगेच परतीच्या जीपमध्ये बसायचो. एकदा तर उतरलोच नाही."

त्यांचे हात थांबले. घडी अर्धी झालेली. ती पुरी करायला कुणालाच घाई नव्हती. ते म्हणाले, "मी वाचायला सावकाश आहे, गोरोबा. पहिल्यापासून पाठवा. आणि ह्या रविवारी आलात तर उतरा."

"बरं," मी म्हणालो.

हा शब्द मला दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून ऐकायचा होता. माझ्याच तोंडून निघाला.

जीप गेली. मी बराच वेळ नदीकडं बघितलं. (बत्तीस.) मग मोबाईल वाजला.

*बोराटी: भाग ३ मध्ये साखळी गोळा करायला दोन मिनिटं लागतात असं लिहिलंय. आज प्रत्यक्ष जागेवर एकोणीस लागली. दुरुस्ती करावी.*

दुरुस्ती केली.